घाटमाथ्यावरचा थांबा

परवा पाणी बघायला गाडीचं बॉनेट उघडलं आणि इंजिनावरून आडवी गेलेली ती लाल दांडी दिसली. रंग पार उडालाय.

पूर्वी तिसगावहून नगरला जाताना करंजीच्या घाटात आमची ही सेडान वळणावळणावर कलायची आणि आईला मळमळायचं. माथ्यावर थांबावंच लागे. एरवी आईशी कामापुरतं बोलणारे माझे वडील, दादा, तिथे एका हाताने तिची पाठ चोळत, दुसऱ्या हाताने चूळ भरायला पाणी ओतत.

मग गाडी कलू नये म्हणून मी ही दांडी आणि खाली दोन्ही चाकांना जोडणारा जाड लोखंडी स्वे बार बसवून घेतला. पहिल्याच फेरीत गाडी जरासुद्धा कलली नाही.

"घाट सरला व्हय?" आईने मागून विचारलं. हातातलं लिंबू तिने हुंगलंही नव्हतं.

"सरला की! आता थांबायचं कामच न्हाई," मी ऐटीत म्हणाले.

दादांनी मांडीवरची पाण्याची बाटली पायाशी ठेवली. ते मी पाहिलं, पण तेव्हा कळलं नाही.

दादांना जाऊन बरीच वर्षं झाली. गाडी अजूनही कलत नाही. तरी माथा आला की आई म्हणते, "जरा थांबीव गं." ती उतरते. मी बाटली पुढे करते. चूळ ती भरत नाही, नुसती ओंजळ धरते.