दोन कड्या

टॉलिव्हर गावात हॉयट प्रुइटइतका वेल्डनचा द्वेष कुणी केला नसेल, आणि नेमकं त्यालाच गावाने वेल्डनचा हस्तक ठरवलं. गावाची अक्कल ती!

वेल्डन म्हणजे नदीपलीकडचं गाव आणि तिथलं कॉलेज. त्यांच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव बगळे, आपल्या टॉलिव्हर कॉलेजच्या संघाचं खेचरं. बायकोला, वर्लीनला, दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं असलं तरी हॉयट वेल्डनमधून गाडी घालायचा नाही, अठरा मैलांचा वळसा घ्यायचा. पेंडीच्या गिरणीत सत्तावीस वर्षं तो ट्रकच्या वजनकाट्यावर होता. वेल्डनकडचा शेतकरी आला की त्याला बसायला खुर्ची देत नसे, तोंड वर करून बघतही नसे. वजन मात्र कधी रत्तीभर इकडचं तिकडे केलं नाही. असा हा तुसडा माणूस. त्याच्याशी दोन मिनिटं बोललं की तिसऱ्या मिनिटाला कुठलीतरी चूक काढायचाच.

याच स्वभावामुळे एकतीस वर्षांपूर्वी कॉलेजने त्याला साखळीवर घेतलं. या खेळात चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा असतो, नाहीतर तो समोरच्या संघाला मिळतो, आणि ते दहा यार्ड मोजणारी साखळी मैदानाच्या कडेला दोन काठ्यांना बांधून गावातलीच माणसं धरतात. मागची काठी हॉयटची. साखळी धरणाऱ्याने त्या तीन तासांत कुणाचंच असायचं नाही. ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, आणि वर उभं राहायचं पाहुण्यांच्या बाजूला. एकतीस वर्षं बगळ्यांच्या पोरांनी त्याच्या बुटांवर थुंकून घेतलं, त्याच्या टकलावर गाणी रचली. हा दात-ओठ खात उभा. टॉलिव्हरसाठी त्याने मैदानात एकदाही टाळी वाजवली नाही.

साखळीला एक चिमटा असतो. जवळच्या आडव्या पांढऱ्या रेषेवर साखळीची जी कडी येते, बरोबर तिलाच तो लावायचा. मग मोजायच्या वेळी तोच चिमटा त्याच रेषेवर ठेवून साखळी आत नेली की माप चुकत नाही. चिमटा लावायचं काम डेल्मरचं. डेल्मर म्हणजे वर्लीनचा धाकटा भाऊ. विम्याचा एजंट, हसतमुख, सगळ्या गावाच्या गळ्यातला ताईत.

मागच्या नोव्हेंबरात बगळे आले. शेवटची तीन मिनिटं, खेचरं चार गुणांनी मागे, चेंडू आपल्याकडे. साखळी नव्याने लागली. हॉयटने खाली पाहिलं, तर चिमटा दोन कड्या पुढे. म्हणजे मोजताना पुढची काठी दोन कड्या अलीकडे येणार. फायदा आपला.

"डेल्मर, दोन कड्या पुढे लागलाय."

"असू दे की. कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"तू? तू तर जन्मभर बघतच आलायस!" डेल्मर हसला आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. तेव्हा हॉयट स्वतः वाकला आणि त्याने चिमटा जागेवर आणला.

चौथ्या प्रयत्नानंतर मोजायची वेळ आली. आपल्याकडे जो तो खेचराच्या औताची जुनी साखळी घेऊन सामन्याला येतो आणि तीन तास खणखणवत राहतो. पण मोजणीच्या वेळी सगळ्या साखळ्या मुठीत आवळायच्या, हा रिवाज. चाळीस हजार माणसं चिडीचूप. साखळी आत गेली, ताणली, आणि चेंडू अंगठ्याच्या रुंदीएवढा कमी पडला. दोन कड्यांत सहज निभावलं असतं. बगळ्यांनी उरलेली मिनिटं खाल्ली आणि सामना नेला. हॉयट गाडीत जाऊन बसला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. हे कुणी पाहिलं नाही.

लोकांनी पाहिलं ते दुसरंच. तिसऱ्या दिवशी एक अकरा सेकंदांची चित्रफीत गावभर फिरली. तीत हॉयट वाकतो, इकडेतिकडे बघतो, चिमट्याला हात लावतो. डेल्मरचे फक्त बूट दिसतात.

झालं! चिमटा सरकवून यानेच वेल्डनला जिंकवलं, असं म्हणत गावाने त्याला वाळीत टाकलं. न्हाव्याने दुकानात घेतलं नाही. चर्चमध्ये तो ज्या बाकावर बसायचा तो बाक आपोआप रिकामा होऊ लागला. आणि त्याच्या दारच्या टपालपेटीवर साखळ्या लटकू लागल्या. आपल्याकडे कुणाच्या दाराला साखळी टांगली की अर्थ एकच, तू आमच्या गोठ्यातला नाहीस, चालता हो. पूर्वी एक प्रशिक्षक संघ सोडून पळाला होता, त्याच्या दारी तीन टांगल्या होत्या. हॉयटच्या दारी मार्चपर्यंत बावीस झाल्या. रोज सकाळी तो त्या काढायचा आणि गॅरेजमध्ये खिळ्यांना नीट अडकवून ठेवायचा.

"तू हात का लावलास?" वर्लीनने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"जागेवर नव्हता म्हणून."

एवढंच. भावाचं नाव तिच्यापुढे काढायला त्याची जीभ रेटली नाही. डेल्मरला तिने अंगाखांद्यावर वाढवलं होतं. डेल्मरही शहाणा. कुणी विचारलं की मान खाली घालायचा, "नात्यातला माणूस आहे हो, मी काय बोलणार?" असं म्हणायचा, आणि जे म्हणायचं ते न म्हणता म्हणून मोकळा व्हायचा.

ऑगस्टमध्ये अर्ज निघाला, हॉयटला साखळीवरून काढा. चौदाशे सह्या झाल्या. गुरुवारी सकाळी संघाच्या पाठीराख्यांच्या मंडळात निकाल लागणार होता. बुधवारी टपाल आणायला वर्लीन गेली आणि एक साखळी घेऊन आत आली. साखळीची एक कडी तांब्याच्या तारेने बांधलेली होती.

"ही माझ्या बाबांची," ती म्हणाली. "ही तार मीच धरली होती, त्यांनी पिळली. बाबा गेल्यावर ही डेल्मरकडे गेली. ही इथं कशी?"

"त्यालाच विचार."

"मी तुला विचारतेय! नऊ महिने तोंड शिवून बसलायस. लोक मला दुकानात पाठ दाखवतात, हॉयट. बोल!"

मग हॉयट बोलला. दोन कड्या. कुणी लावल्या, काय म्हणाला, सगळं. वर्लीनने त्याला खोटारडा म्हटलं, कप आपटला, परसात जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"उद्या मंडळात हे त्याच्या तोंडावर सांगायचं. मी येतेय."

हॉयटला त्या रात्री छान झोप लागली. एकदा खरं कळलं की गाव शरमेल, अशी त्याची पक्की खात्री होती. वजनकाट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला असंच वाटणार.

चर्चच्या तळघरात मंडळ भरलं होतं. ताटांत पावासारखी गरम बिस्किटं आणि सॉसेजचा रस्सा. कॉलेजतर्फे टाय लावलेला एक साहेब आला होता. डेल्मर आधीच उभा राहून जड आवाजात सांगत होता, "हॉयट माझ्या बहिणीचा नवरा. पण गाव आधी, नातं नंतर."

वर्लीन सरळ चालत गेली आणि बापाची साखळी तिने त्याच्या ताटात टाकली. रस्सा त्याच्या शर्टावर उडाला.

मंडळाचे अध्यक्ष फेंटन, गावचे जुने डॉक्टर, घसा खाकरून म्हणाले, "हॉयट, चिमट्याला हात लावलास, खरं?"

"खरं."

"का?"

"चुकीच्या जागी होता."

"कुठल्या बाजूला?"

नऊ महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. "दोन कड्या पुढे. आपल्या फायद्याचा. डेल्मरने लावला होता, मी सरळ केला."

डेल्मरचा चेहरा लालबुंद झाला. त्याने बहिणीकडे पाहिलं, तिने नजर हलवली नाही. मग तो हळूच म्हणाला, "हो. लावला होता. मला वाटलं, पोरांनी वर्षभर घाम गाळलाय, तेवढीच मदत."

कोपऱ्यातून एक साखळी खणखणली. मग दुसरी. मग सगळ्या. कुणीतरी डेल्मरच्या पाठीवर थाप मारली, कुणी त्याचा शर्ट पुसायला धावलं. आणि ग्रंथालयातल्या मिस ऑटिली, ज्यांनी हॉयटला शाळेत पाढे शिकवले होते, उभ्या राहिल्या.

"आपल्या फायद्याचा होता? हे तुला ठाऊक होतं?"

"हो, मॅडम."

"मग हात का लावलास रे, मेल्या?"

हॉयटकडे उत्तर होतं, पण त्या खोलीत ते कुणाला समजलं असतं? इतके दिवस ते त्याला चोर समजत होते, तेव्हा निदान माफीची आशा होती. आता ती गेली.

टायवाला साहेब कॉफी ढवळत होता. "मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला आणि अर्जावर सही केली. हॉयटची काठी डेल्मरला मिळाली. चिमट्यासाठी डेल्मरनेच आपल्या कचेरीतला माणूस दिला.

वर्लीनने ताटातून साखळी उचलली, नळाखाली धुतली आणि पर्समध्ये टाकली. "ही घरी जाईल," ती म्हणाली. तिला अडवायची डेल्मरची छाती झाली नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या सामन्याला ती दोघं गेली. घरच्या बाजूला त्यांच्या शेजारी कुणी बसलं नसतं, म्हणून वर्लीनने पाहुण्यांच्या बाजूची तिकिटं काढली. पहिली रांग, कठड्याला लागून. समोर दहा हातांवर साखळी. हॉयटला आता ओरडायची मोकळीक होती, पण त्याची नजर चिमट्यावरून हलेना.

तिसऱ्या सत्रात मोजणी आली. चाळीस हजार मुठी आवळल्या गेल्या, मैदान गप्प झालं. साखळी आत गेली, ताणली, आणि चेंडू काठीच्या पुढे नखभर निघाला. पलीकडून सगळ्या साखळ्या एकदम खणखणल्या. डेल्मरने काठी उंच केली.

वर्लीनच्या मांडीवर बापाची साखळी होती. जन्मापासून या क्षणी ती खणखणवायला तिचा हात आपोआप उठायचा.

"किती पुढे?" तिने विचारलं.

"तीन कड्या," हॉयट म्हणाला.

तिने साखळी पर्समध्ये ठेवली, पर्स बंद केली, आणि दोघं सामना संपायच्या आधीच उठली.