मिरच्या ओल्या असतील

या सदराच्या जुन्या वाचकांना मी आठवत असेन. हडळीच्या अनुभवाखाली ‘त्या दिवशी जेवणात काय होतं?’ असं विचारणारा आणि पिंपळाखालच्या पांढऱ्या बाईला ‘वाळत घातलेलं धोतर असेल’ म्हणणारा तो मीच. माफी मागायला आलेलो नाही... ते धोतरच होतं. पण गेल्या दोन वर्षांत माझ्याच घरात जे झालं, त्याखाली काय प्रतिसाद लिहावा हे मला सुचलेलं नाही. म्हणून तुमच्यापुढे ठेवतो.

ठिकाण सौंसर, मध्य प्रदेशातलं. बसस्टँडमागच्या गल्लीत तीन खोल्या, मागे सिमेंटचं अंगण, वर गच्ची. मी पांढुर्ण्याला कॉलेजात ग्रंथपाल आहे, रोज बसने जातो-येतो. घरात आई, मी, बायको सुनंदा आणि माझा धाकटा भाऊ दिनेश. आमचं घर बौद्ध. दृष्ट, उतारा, गंडेदोरे या आमच्याकडे प्रतिज्ञा घेऊन सोडलेल्या गोष्टी. आई वंदनेला पहिल्या रांगेत असते आणि दृष्टही काढते. एकदा हटकलं तर म्हणाली, “मिरचीले काय धर्म असते का?” याला माझ्या अख्ख्या लायब्ररीत उत्तर सापडलं नाही.

दिनेश माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. दहावीत दोनदा राहिला. पण ढोलकीवर त्याचा हात पडला आणि गळा लागला, की जयंतीच्या कार्यक्रमाला आलेले लोक चपला शोधायचं विसरायचे. पार लोधीखेड्याहून त्याला बोलावणी यायची. मी दोन विषयांत एम. ए.; मला कुठून बोलावणं आल्याचं आठवत नाही. संध्याकाळी मी बसमधून उतरून घरात पाय ठेवला की आई विचारायची, “दिनेश दिसला का रस्त्यात?” पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे लिहिणं शोभत नाही, पण खरं सांगायचं ठरवलंय तर — मला त्याचा हेवा वाटायचा. तो रांगत होता तेव्हापासून.

बोरगावच्या एका कारखान्यात तो ठेकेदारामार्फत बॉयलरवर हेल्पर होता. वैशाखातला दिवस. त्याची पाळी दोनला सुटणार होती आणि मग तो आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार होता. मी रजा टाकून घरीच होतो. म्हटलं, मी नेतो. आई म्हणाली, “तू राहू दे. दिनेश येऊन राहिला ना.”

दोन वाजून दहा मिनिटांनी माझ्या मोबाईलवर त्याचे दोन व्हॉइस मेसेज आले. एक त्याच्या सुपरवायझरचा, त्याने पुढे पाठवलेला. दुसरा त्याचा स्वतःचा. मी दोन्ही बाहेर जाऊन ऐकले. आत आल्यावर आईने विचारलं, “काय म्हणते?”

मी म्हणालो, “वेळ नाही म्हणे त्याला.”

एवढंच. खोटं म्हणायला गेलं तर खोटंही नाही.

आईने चष्मा काढून ठेवला. “मरो तिकडंच मंग,” म्हणाली. आमच्याकडे हे वाक्य दिवसातून दहादा म्हणतात — उतू गेलेल्या दुधाला, डासांना, सरकारला. पण सव्वातीनला कारखान्यातून फोन आला. वाफेची लाइन फुटली होती.

चेहऱ्याची उजवी बाजू, मान, छाती, दोन्ही हात. वाफ घशातही गेली होती. अडीच महिने नागपूर. परत आला तो भाजल्याचे व्रण दाबून ठेवणारे, कातडीच्या रंगाचे घट्ट प्रेशरचे कपडे घालून. उजव्या हाताची बोटं तळव्याकडे वळून चिकटलेली, आणि आवाज... वाळलेल्या कडब्यावरून कोणी चालावं तसा.

तुम्हाला वाटेल, हेवा तिथे संपला असेल. मलाही तसंच वाटलं होतं.

घरी रीघ लागली. एक नेते सफरचंदांची टोपली आणि फोटोग्राफर घेऊन आले. टोपली दिनेशच्या हातात द्यायची होती. हात काम करत नाहीत म्हटल्यावर मांडीवर ठेवून फोटो काढला. टोपली परत नेली नाही, एवढं मानलं पाहिजे. कारखान्याचा माणूस फुलांचा गुच्छ देऊन गेला. त्यावर ‘सुरक्षा हाच आमचा श्वास’ असं छापलं होतं. आईने तिची खाट दिनेशच्या खोलीत नेली. दर रविवारी त्याला ड्रेसिंगला नागपूरला मी नेत होतो, पिशव्या मी उचलत होतो. तिगावची मावशी आली, दिनेशच्या उशाशी बसून पोटभर रडली, आणि जाताना मला म्हणाली, “तू जाड झाला का रे थोडा?”

नुकसानभरपाईचा दावा लावला. वकील मॅडम पांढुर्ण्याच्या, केस छिंदवाड्याच्या लेबर कोर्टात. मालकाचं म्हणणं असं, की पाळी दोनला संपली, रजिस्टरवर बाहेर गेल्याची सही आहे. हा माणूस अंघोळीसाठी गरम पाणी घ्यायला आपल्या मर्जीने थांबला आणि नको त्या कॉकला हात लावला. अंघोळीसाठी गरम पाणी. वैशाखात.

मॅडम म्हणाल्या, “थांबायला सांगितलं होतं याचा काही पुरावा?”

दिनेशचा मोबाईल त्याच्या खिशातच वितळला होता. “दादाले पाठवलं होतं ना मी,” तो म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “मोबाईल बदलला त्यात गेलं असेल. पाहतो.”

मोबाईल बदलला होता हे खरं. मेसेज नव्या मोबाईलमध्ये जसेच्या तसे आले होते, हेही खरं. पण ते बाहेर काढले असते तर आईलाही ऐकावे लागले असते, आणि मी त्या दिवशी तिला काय सांगितलं नाही ते तिला कळलं असतं. आणि त्याच्याही खाली, जिथे माणूस स्वतः वाकून बघत नाही तिथे, एक वाक्य होतं — याला सगळंच मिळतं. आता हेही मीच द्यायचं का?

दिनेशची बोटं मोकळी करायचं ऑपरेशन त्या भरपाईवर अडलेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार लांबवू नका.

आता मिरच्यांकडे येतो.

आई दर रविवारी तिन्हीसांजेला दिनेशची दृष्ट काढायची. मीठ, मोहरी, पाच लाल मिरच्या; डोक्यापासून पायापर्यंत सात वेळा उतरवायच्या आणि घमेल्यातल्या निखाऱ्यांवर टाकायच्या. नियम तुम्हाला ठाऊक असेल. ठसका लागला तर काही नाही. मिरची जळूनही ठसका लागला नाही, तर नजर पक्की.

ठसका लागत नव्हता. मिरच्या फुगायच्या, काळ्या पडायच्या, राख व्हायच्या... खोलीत नुसता जळक्या मिठाचा वास.

मी म्हणालो, “मिरच्या ओल्या असतील.”

आणि मी ते सिद्ध करायला घेतलं. बाजारातून स्वतः तिखट मिरची आणली, गच्चीवर तीन दिवस वाळवली. त्यातली एक स्वयंपाकघरात गॅसवर धरली — सुनंदा पदर तोंडाला लावून अंगणात पळाली आणि शेजारून आवाज आला, “अहो काय मारून राहिले का आमाले!” त्याच पुड्यातल्या पाच मिरच्या दिनेशवरून उतरवल्या. काही नाही. खिडक्या बंद करून पाहिलं. काही नाही. मीठ-मोहरी वगळून पाहिलं. निखारे वाढवले. काही नाही. मी वहीत नोंदी ठेवत होतो.

निखाऱ्यांचं घमेलं जवळ आलं की दिनेश भिंतीकडे तोंड करायचा. एकदा तसाच, न वळता म्हणाला, “दादा, तुह्या प्रयोगातला बेडूक आहो का मी?”

असे चार-पाच महिने गेले. मॅडमचा फोन आला: पुढची तारीख पुराव्याची शेवटची. त्या रविवारी आईने पुन्हा मिरच्या टाकल्या. पुन्हा तेच. ती घमेल्यापाशी बसून राहिली. मिरच्या पार कोळसा झाल्या, तरी उठेना.

“माहीच नजर आहे हे,” ती म्हणाली. “मीच बोलली ना त्या दिवशी. मरो म्हनलं. पोरगं कामात होतं का कशात, विचारलं बी नाही. माय असून.”

“आई, तसं काही नसतं,” मी म्हणालो.

“तू गप बस. तुले काय मालूम.”

मला सगळंच मालूम होतं. अपघातापासून सात महिने ती त्या शब्दांखाली दबून होती, आणि ते शब्द तिच्या तोंडात मी घातले होते.

मी मोबाईल काढला आणि लावला.

आधी सुपरवायझर: “दिनेश, जाऊ नको, बदलीवाला आला नाही. चारपर्यंत लाइन तूच पाहा.” मग दिनेश. आमचा जुना दिनेश, तो गोल, भरलेला आवाज. मागे यंत्रांची घरघर. “दादा, आईले सांग मी निघालोच होतो. साहेब सोडून नाही राहिला. उद्या पक्का नेतो म्हना. अन् ती रुसन, तर तिले जेवाले लाव.”

आईने मान वर केली. ती आवाज कुठून येतोय ते शोधत होती. आधी मोबाईलकडे नाही, दाराकडे पाहिलं.

आणि तेव्हा ठसका लागला.

पाच मिनिटांपूर्वीच कोळसा झालेल्या मिरच्या. मी त्या घमेल्यात पाहिल्या होत्या, वहीत लिहून झालं होतं. त्यातून असा ठसका उठला की सुनंदा खोकत खोलीबाहेर गेली, मला श्वास घेता येईना. दिनेश, ज्याच्या घशात वाफ गेली होती, खाटेवर दुमडून खोकत होता आणि खोकता खोकता हसत होता. आई जागची हलली नाही. डोळे गळत होते आणि ती म्हणत होती, “पुन्हा लाव. पुन्हा लाव.”

चार वेळा लावलं.

त्या दिवसापासून नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. दिनेश त्याच रात्री पाणी प्यायला उठला तेव्हा म्हणाला, “मले माहीत होतं तुह्यापाशी आहे ते.”

“मग मागितलं का नाहीस?”

“तू कधी काढतं ते पाहून राहिलो होतो.”

मी कोर्टात साक्ष दिली. समोरच्या वकिलाने विचारलं, “सात महीने तक क्यों छुपाया?” मी म्हणालो, “मुझे भाई से ईर्ष्या थी.” जजसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “लिख लें?” म्हटलं, लिखिए. माझं आयुष्यात कधी काही छापून आलेलं नाही, पण हे एक वाक्य सरकारी कागदावर शिक्क्यासह आहे.

निकाल आमच्या बाजूने लागला. ऑपरेशन झालं. तीन बोटं मोकळी झाली, दोन नाही. उशीर झाला, डॉक्टर म्हणाले. कोणामुळे, ते त्यांनी विचारलं नाही. तीन बोटांची ढोलकी नसते.

आता शेवटचं.

या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात मंडळाने माझा सत्कार केला. ‘आदर्श बंधू’. शाल, गुच्छ, आणि ज्यात माझं नाव चुकलेलं आहे असं सन्मानपत्र. असल्या सोहळ्यांवर मी आजवर जे बोललो ते एकत्र केलं तर एक पुस्तक होईल. पण माइक हातात आला आणि मी वीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, गोड वाटलं. तो माइक, ती जागा दिनेशची होती. तो समोर पहिल्या रांगेत बसला होता. तोही टाळ्या वाजवत होता. प्रेशरच्या हातमोज्यातल्या टाळीला आवाज नसतो.

घरी आल्यावर आई म्हणाली, “विजू, बस इथं. लय लोकायनं पाह्यलं तुले आज.”

बावन्न वर्षांत पहिल्यांदा. मी बसलो. प्रतिज्ञा वगैरे काही आठवलं नाही. सात वेळा तिचा हात माझ्या डोक्यावरून पायांपर्यंत गेला, आणि तो थांबूच नये असं मला वाटत होतं. मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या. फुगल्या. काळ्या पडल्या.

आम्ही वाट पाहिली.

काही नाही.

आईने घमेल्यात पाहिलं, मग कोणाकडेच पाहिलं नाही. दिनेश खाटेवर होता. तो माझ्या हातांकडे बघत होता... शालीची घडी घालत होतो मी, दहाही बोटांनी. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं, आणि त्या कडब्याच्या आवाजात म्हणाला,

“दादा, मिरच्या ओल्या असतीन.”

“असतील,” मी म्हणालो.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. निखारा, वारा, मिरचीची जात, जे तुम्ही खाली लिहाल ते सगळं माझ्या वहीत आधीच लिहून खोडलेलं आहे. एकच नोंद अजून खोडलेली नाही. त्या मिरच्या तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात होत्या. हाताचा व्यायाम म्हणून रोज संध्याकाळी त्या एकेक उचलून पुड्यात भरायचं काम दिनेशचं होतं, आणि ओली एकही नव्हती हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.