उभ्याने कापायची सुरी

कणकवलीच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचा एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "आता खाली बसणं बंद. जमिनीवर नाही, पाटावर नाही, विळीवर तर मुळीच नाही." मी विचारलं, "मग मासे कसे कापू?" ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. विळीला आम्ही आदोळी म्हणतो, आणि लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी आदोळीवर बसत आले होते. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

कुणकेश्वराच्या अलीकडे आमच्या चार खोल्या आहेत. देवदर्शनाला, समुद्राला येणारी माणसं उतरतात आणि दुपारी माझ्या हातचं जेवतात. खोल्या काय, आता प्रत्येक वाडीत झाल्या आहेत. आमच्याकडे माणसं परत येतात ती जेवणासाठी, हे मला माहीत होतं आणि घरच्यांनाही. तरी घरी आल्यावर नवऱ्याने मुलाला पुण्याला फोन लावला, दोघं माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलले आणि ठरवून मोकळे झाले. दिवाळीपासून जेवण बंद. फक्त खोल्या. पाहुण्यांनी बाहेर जेवावं.

"आये, आता पुरे झाला गो," मुलगा म्हणाला. "उठताना तू कशी कळवळतस ता माका बघवना नाय."

त्याचं चुकलं असं म्हणणार नाही. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जेवण बंद झालं की मी चादरी बदलणारी बाई होणार, दुसरं काय? मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत दम धरा. तवसर माका जमला नाय तर तुमी म्हणशात ता." गणपती नुकतेच गेले होते. म्हणजे हातात फार दिवस नव्हते.

बाजारातून कापून आणा, असा सल्ला सगळ्यांनी दिला. आणून पाहिलं. कापणारी बाई बिचारी घाईत असते. सुरमईचा, म्हणजे आमच्या इसवणीचा, एक तुकडा बोटभर जाड, दुसरा अडीच बोटं. तव्यावर एक करपतो तेव्हा दुसरा आतून कच्चा असतो. शिवाय कापून झाल्यावर ती तुकडे बादलीत बुचकळून देते, आणि कापलेला मासा धुतला की चव पाण्यात गेली, हे आमच्याकडे शाळकरी पोरीलाही ठाऊक आहे.

मग मी मोबाइल हातात घेतला. उभं राहून मासे कापणारी माणसं जगात कुठेतरी असतीलच की. होती. जपानात. एक म्हातारा ओट्याशी ताठ उभा राहून इसवणीएवढा मासा असा सोडवत होता की मी तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला. आपल्यासारखाच भात-मासे खाणारा माणूस, वयाने माझ्याहून मोठा, आणि गुडघे मजेत. तेव्हाच ठरवलं, सुरी घ्यायची तर त्याच्यासारखी.

नवरा माझ्याहून उतावळा. त्याने मला न विचारता एक "जपानी" संच मागवला. आठ सुऱ्या, एक कात्री आणि सगळं खोचून ठेवायला लाकडी ठोकळा, आणि किंमत एवढी कमी की माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पात्यांवर सुंदर लाटा होत्या. आठवडाभर घासणीने घासल्यावर त्या लाटा ओहोटी लागल्यासारख्या पुसल्या गेल्या आणि खाली साधा पत्रा निघाला. पापलेट तर त्या सुरीने कापलंच गेलं नाही, चेंगरलं.

"ह्यो जपान खंयचो?" मी विचारलं.

"नाचूक येयना, आंगण वाकडा," नवरा म्हणाला. संच त्याने आणला होता ना, दोष माझ्या हाताला देणं भागच होतं.

पलीकडच्या वाडीत एक ख्रिस्ती गृहस्थ राहतात. तीस वर्षं बोटीवर आचारी होते. आजोळ गोव्याचं, पण बोलणं आमच्यासारखंच. आता काजूची बाग सांभाळतात. माझी अडचण त्यांच्या कानावर गेली आणि एका सकाळी ते काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन आले. आधी त्यांनी आमचा ठोकळा पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं. ठोकळा हळूच बाजूला सारला. सभ्य माणूस.

"वैनी, संच घेव नकात," ते म्हणाले. "आठ सुरयांका तुमका हात किती? एकच घेवा, पण बरी घेवा. आणि उरल्या पैशांत दगड घेवा."

"दगड?"

"धार लावूचो. बऱ्या सुरयेक दगड नसलो तर ती चार म्हयन्यांत ह्या ठोकळ्यातल्यासारखी होतली."

मग त्यांनी ओट्याला टेकून मला तासभर शिकवणी दिली. पोलादाचं नाव सांगत नाही त्याच्याकडून सुरी घ्यायची नाही. नक्षीला, चकचकीत मुठीला, मखमली डबीला पैसे मोजायचे नाहीत. साधी लाकडी मूठ पुरे. गंज धरणारं पोलाद स्वस्तात मिळतं आणि धार फर्मास घेतं, पण आमची खारी हवा आणि सोलं आमसुलं यांच्यापुढे ते आठवड्यात काळं पडेल, तेव्हा न गंजणारंच घ्यायचं. पातळ पात्याने काटा तोडायचा नाही. आणि जपानी सुरी नारळाला लावायची नाही, कधीच नाही. हे शेवटचं त्यांनी नवऱ्याकडे बघून सांगितलं.

गुंडाळीतून त्यांनी स्वतःची सुरी काढली. जपानी लोक तिला देबा म्हणतात. पाठीला जाड, टोकाला निमुळती, मासे कापायलाच घडवलेली. "इकत घेवच्या आदी हात बघूया," ते म्हणाले. ओट्यावरच्या कडाप्प्यावर ती टेकवू देईनात, लाकूड मागत होते. मी जेवायला बसायचा फणसाचा पाट उचलला, घासून धुतला आणि ओट्यावर उलटा टाकला. नवरा म्हणाला, "अगो, बसाचो पाट तो!" मी म्हटलं, "मी आता खंय बसतंय?"

एक बांगडा घेतला आणि कापायला गेले, तर माझं मलाच हसू आलं. आदोळीचं पातं जागचं हलत नाही. मासा दोन्ही हातांत धरून आपण त्यावर नेतो. पस्तीस वर्षांची सवय. मी सुरी पाटावर घट्ट रोवली, धार वर केली आणि बांगडा तिच्यावर ढकलू लागले. आचाऱ्यांनी झटकन माझं मनगट धरलं. "वैनी, मासो पळना नाय. सुरी चलवा!"

सुरी चालवली. चालेना. म्हणजे कापत होती, पण तुकडा तिरका पडत होता. दुसरा बांगडा, तिसरा, सगळे तिरके. घामाघूम झाले. नवरा दारात उभा राहून पाहत होता आणि त्याचं ते पाहणं मला झोंबत होतं. रडायलाच यायचं बाकी होतं. रागाने मी सुरी डाव्या हातात घेतली आणि दणकन चौथ्या बांगड्याची मान छाटली.

मान छाटली गेली. हात एकदम मोकळा झाला. तुकडा मात्र आता दुसऱ्या बाजूला तिरका.

आचारी पुढे वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "वैनी, तुमी डावऱ्या आसास!"

मी नाही म्हणणार होते. मी उजव्या हाताने लिहिते, जेवते, सगळं करते. आणि मग आठवलं. पहिलीत असताना डाव्या हातात पेन्सिल धरली म्हणून बाईंनी बोटांवर पट्टी मारली होती. घरी डाव्या हाताने घास घेतला की वडील ताट ओढायचे. ते मी केव्हाच विसरले होते. आणि आदोळीवर कुणाला कळणार? तिथे दोन्ही हात सारखेच लागतात. साठी आली आणि आपण डावऱ्या आहोत हे मला एका बांगड्यामुळे समजलं.

तिरपं जाण्याचं कारणही त्यांनीच सांगितलं. त्या सुरीला एकाच बाजूने धार असते, आणि ती उजव्या हाताच्या हिशोबाने. डावऱ्यासाठी वेगळी मिळते, पण दीडपट किमतीला. मी दगड धरून सहा हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्या ठरवण्यावर मी ठाम होते. चैन करायला मी राणी नव्हते. मग त्यांनी मधला मार्ग दाखवला. मासे कापायची तशीच जाड पाठीची सुरी, पण दोन्ही बाजूंनी सारखी धार असलेली. ती कुठल्याही हाताला चालते, आणि दिखाऊ नसल्यामुळे महागही नसते.

मुंबईच्या एका दुकानाला फोन लावला. दुकानदार मला कांदे कापायची सुरी विकायला बघत होता. मी म्हटलं, "थांबा. साडेसहा इंची, पाठ जाड, दोन्ही बाजूंनी धार, न गंजणारं पोलाद. पोलादाचं नाव सांगा. मूठ साधी हवी. डबी नको, तेवढे कमी करा. आणि हजार नंबरचा दगड." पलीकडून अदबीने प्रश्न आला, "मॅडम, आपण शेफ आहात का?"

"नाही," मी म्हटलं. "मी कुणकेश्वरची."

पार्सल हायवेवरच्या नांदगावला येऊन पडलं, कारण कुरियरवाला आमच्या वाडीपर्यंत येत नाही. नवरा एसटीने जाऊन घेऊन आला. डबी नव्हती, खाकी पुठ्ठाच होता, आणि आत ती सुरी. लाटा नाहीत, नक्षी नाही. डाव्या हातात घेतली आणि वजन असं बसलं की मी मोठ्याने "अगो बाय!" म्हणाले.

नंतरचे दिवस बांगड्यांचे गेले. रोज सकाळी पाटाशी उभी राहायची आणि हाताला बजावायची, मासा जागेवर, सुरी चालती. आचारी दर दोन दिवसांनी येऊन दगड भिजवायला, पाठीखाली दोन नाण्यांएवढी फट ठेवून पातं फिरवायला शिकवून गेले. वाडीतली मांजरं त्या महिन्यात गलेलठ्ठ झाली. एकदा सुरी मणक्यावर आपटून अडली, तेव्हा मला धडा मिळाला की काट्याशी कुस्ती खेळायची नाही. बोटाने चाचपून दोन मणक्यांमधला सांधा शोधायचा, तिथे धार टेकवायची आणि तळव्याने दाबायचं. कट्. एवढाच आवाज. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून हाक मारून बोलावलं आणि पुन्हा करून दाखवलं. तो म्हणाला, "बरा." त्याच्याकडून "बरा" म्हणजे पुष्कळ.

दिवाळीत मुलगा आला, बरोबर ऑफिसातले पाच मित्र. मला त्रास नको म्हणून त्याने वाटेतच एका हॉटेलात दुपारची सहा ताटं सांगून ठेवली होती. हे मला तो अंगणात पाय धुताना सांगतो.

मी म्हटलं, "रद्द कर."

मी त्याआधीच बंदरावर जाऊन आले होते. कोळीण सवयीने म्हणाली होती, "काय गो, कापून देव?" आणि मी म्हटलं होतं, "नको. माका अख्खी होयी." हातभर लांब इसवण ओट्यावर पडलेली होती. मुलगा माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला आणि दाराशी थांबला. त्याला वाटलं असणार, ही आता खाली बसणार.

मी उभी राहिले. डोकं एका दाबात वेगळं केलं, पोट साफ केलं, शेपटी उतरवली. मग तुकडे. सांधा, तळवा, कट्. सांधा, तळवा, कट्. चौदा तुकडे ओळीने पडले. मुलाने दोन उचलून एकावर एक ठेवले, जाडी पाहिली, आणखी एक ठेवला. तिन्ही सारखे. माझे गुडघे ठणकत नव्हते, कंबर ताठ होती, आणि मला एवढा आनंद झाला होता की तो लपवायची मला मुळीच गरज वाटली नाही. "बघितलंस?" मी म्हटलं. "बघ, नीट बघ!"

"आये, तू डाव्या हातान कापतस?" एवढंच तो म्हणाला.

त्या दुपारी सहा जणांनी चौदाचे चौदा तुकडे संपवले. घरच्यांच्या वाट्याला इसवणीच्या डोक्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, आलं. मी हात धूत होते तेव्हा बाहेर फोन वाजला. रोज नवरा उचलतो, पण त्या वेळी मुलगा जवळ होता. कुणीतरी उद्यासाठी खोल्या विचारत होतं. खोल्या आहेत, त्याने सांगितलं. मग पलीकडून जेवणाचं विचारलं असावं, कारण तो थांबला. नवऱ्यानेही मान वर केली. मी हात पुसायची थांबले.

"हो," मुलगा म्हणाला, "जेवण मिळेल. घरचंच. आमच्याकडे मासे आई स्वतः कापते."

त्याने फोन ठेवला. मी विचारलं, "किती जण?"

"आठ."

"मगे बाबांक सांग, सकाळी दोन इसवणी आणूक. अख्ख्यो."