कंटेनरचे नंबर बघणारा

तो आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचा, पण जिन्यात कधी नजरेला नजर द्यायचा नाही. संध्याकाळी मात्र पनवेलच्या नाक्यावर हमखास उभा. बंदराकडे जाणारा कंटेनर आला की त्यावरचा सहा आकडी नंबर वाचायचा, डोळे मिटायचा आणि ओठ हलवायचा. बॉम्बस्फोटांनंतरचे, नव्वदीतले ते दिवस संशयाचेच होते. चहावाला म्हणायचा, "अवो, यो लिवत काय नाय, निस्ता बगतो!" काहीच न लिहिणारा माणूस मला जास्त धोक्याचा वाटला. मी चौकीत सांगून आलो.

तो त्या आकड्यांना मनातल्या मनात भागत असतो, एवढंच चौकशीत निघालं. पोलीस हसले, पण नाक्यावर परत दिसू नकोस म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात. "तुम्ही नाक्यावरूनच येता ना? एखादा नंबर आणत चला."

माझ्याच दारात का? या शंकेनं मला पोखरलं. तरी नंबर आणत राहिलो. एकदा ५१०५१० आणला.

"अहो, याला दोननं भाग जातो, तीननं, पाचनं, सातनं, अकरानं, तेरानं, सतरानंसुद्धा! या सगळ्यांना चालेल असा याहून लहान आकडाच नाही!"

त्याचा फुललेला चेहरा मला बघवेना. म्हटलं, "चौकीत मीच सांगितलं होतं."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्याकडे आलो," तो म्हणाला. "त्या नाक्यावर माझ्याखेरीज नीट बघणारे तुम्हीच."