पळसपाणीची जीप चार बोटं उंच झाली

पळसपाणीच्या सुकदेवने जीप घेतली ती मुक्या ओझ्याचा कंटाळा आला म्हणून. तारुण्याची सगळी वर्षं त्याने आग्रा रोडवर मालट्रक चालवला. कधी सरकीची पोती, कधी कांदे, कधी मिरची. पोती काही बोलत नाहीत. सुकदेवला तर बोलल्याशिवाय घास गिळवत नसे. शेवटी शेवटी तो क्लीनर झोपला की स्टिअरिंगशीच गप्पा मारायचा. चाळिशी जवळ आली तशी त्याने ट्रक सोडला आणि सरकारी लिलावातली एक जुनी डिझेल जीप घेतली. तिला तोंडल्यासारखा हिरवागार रंग दिला, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या गावातून शिरपूरपर्यंत माणसं न्यायला-आणायला सुरुवात केली. एस.टी. गावात यायची नाही, कारण गावाआधी खडकनाला होता आणि नाल्यावर पूल नव्हता.

जीप सुरू झाली आणि सुकदेवचं तोंडही. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोरीला बघायला पाहुणे आले, शिरपूरच्या बाजारात मेथीला काय भाव फुटला, सगळं त्याच्या गाडीत बसल्या बसल्या समजे. बाया म्हणत, सुकदेवच्या जीपमध्ये बसलं की बाजार निम्मा इथेच होतो.

दुखणं एकच होतं. मागे माणसं भरली की जीप मागून बसायची, दमलेल्या म्हशीने बूड टेकावं तशी. मागच्या चाकांवरचे लोखंडी पाटे, ज्यांच्यावर गाडी तोललेली असते, ते वयाने सपाट झाले होते. रस्त्यावर ते चालून जायचं. पण खडकनाल्याच्या मधोमध एक काळा धोंडा जमिनीतून वर आला होता. तो टाळायला बाजूने जावं तर डोह. भरलेली जीप त्यावरून गेली की सायलेन्सरची नळी ‘खर्रर्र’ करून घासायची, आणि दोनदा तर तुटूनच पडली. मग रिवाज पडला. नाला आला की सुकदेव ओरडायचा, “बठ्ठा उतरा!” सगळ्यांनी उतरायचं, लुगडी गुडघ्यावर खोचायची, टोपल्या डोक्यावर घ्यायच्या आणि पाण्यातून चालत पलीकडे जायचं. रिकामी जीप आरामात पलीकडे. की पुन्हा सगळे वर.

एका बाजाराच्या दिवशी आक्काबाईचा पाय शेवाळावर घसरला. आक्काबाई गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, अंगाने मूठभर, जीभ मात्र हातभर. लागलं काही नाही, पण टोपलीतली वांगी नाल्यातून पोहत निघाली. ती पाण्यातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“सुकदेव, आमी जीपमा बसानं भाडं देतस, का नालामा चालानं?”

सगळे हसले. सुकदेवही हसला, पण ते वाक्य त्याच्या मनाला लागून राहिलं. रात्री जेवताना तो बायकोला, मंदाबाईला म्हणाला, “गाडी मागून उचलून घेतो. वनासारखी.”

वना म्हणजे शेजारच्या गावचा जीपवाला. त्याने आपली जीप पाट्यांखाली मोठे ठोकळे घालून वीतभर उचलली होती, खाली रुंद टायर टाकले होते. ती उभी राहिली की पोरं भोवती गोळा व्हायची. सुकदेवला ती जीप फार आवडे. आपण कुणाला सांगत नसलो तरी स्वप्नात आपण वनाच्याच जीपवर बसतो, हे त्याने एकदा मंदाबाईला सांगून टाकलं होतं.

मंदाबाईने भाकरी ताटात टाकली आणि विचारलं, “इतली उंच कराले लागनात, पन त्यामा कोनले बसाडशात? वनानी जीपमा बाया बसतीस का?”

खरंच, वनाच्या जीपमध्ये बाया बसत नसत. चढायला पाटलाचा ओटा लागे.

दुसऱ्या दिवशी तो जीप घेऊन धुळ्याला गेला. आग्रा रोडला लागूनच जीवराम मिस्त्रीची भट्टी होती. पाटे तापवणं, ठोकून बाक देणं, नवे घालणं, हाच त्याचा धंदा. जीवराम जीपखाली सरपटत गेला, बाहेर आला, हात पुसले.

“किती उचलायची?”

“तेच विचारायला आलोय.”

“अहो, रिकामी गाडी बघून मी काय सांगू? रोजचं ओझं टाकून आणा. भरल्यावर किती बसते ते बघू, मग ठरवू. उगाच जास्त उचलली तर तोंड खाली घालून चालेल, ब्रेकची नळी ताणेल. कमी उचलली तर तुमचं काम व्हायचं नाही.”

“रोजचं ओझं?”

“हो. जसं असतं तसं.”

जीवरामच्या मनात पोती होती. सुकदेवच्या मनात पोती आलीच नाहीत. पोत्यांशी त्याचा संबंध केव्हाच संपला होता.

संध्याकाळी त्याने पारावर जाहीर केलं, “सोमवारी धुळ्याला जायचंय. माझे रोजचे सगळे पाहिजेत. भाडं नाही.”

सोमवारी सकाळी जीपभोवती लग्नाचं वऱ्हाड जमावं तशी माणसं जमली. बायांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदे फडक्यात बांधले होते. भिका, जो रोज शिरपूरला जिनिंगमध्ये कामाला जायचा आणि ज्याचे पाय इतके लांब होते की जीपमध्ये ते दुसऱ्याच्याच मांडीवर यायचे, तो रजा टाकून आला होता. आक्काबाई पुढच्या सीटवर बसायला सरसावली, पण सुकदेव म्हणाला, “आक्का, तुझी जागा मागेच. ओझं जसं असतं तसं पाहिजे.”

“मी काय ओझं शे?” आक्काबाई म्हणाली, पण चढली. तिला चढायला एक हात दांड्याला आणि एक हात मंदाबाईच्या खांद्यावर लागायचा.

नाल्यात नेहमीप्रमाणे सगळे उतरले. भिका मुद्दाम धोंड्यापाशी थांबला, विजार वर सारली आणि पाण्यातला धोंड्याचा माथा आपल्या नडगीवर कुठे येतो तिथे कोळशाने रेघ ओढली. “मिस्तरीले दाखाडसू,” तो म्हणाला.

सावळदेच्या पुलावरून तापी दिसली तेव्हा बायांनी हात जोडले. सोनगीरला पितळेची भांडी बघायला थांबा म्हणून गलका झाला. सुकदेव म्हणाला, येताना. पण बाया उतरल्याच, आणि एक पाणी तापवायचा बंब हाताळून, वाजवून, परत ठेवून मगच पुन्हा चढल्या.

जीवरामच्या दारात जीप थांबली आणि मागून माणसं उतरायला लागली. एक उतरलं, दुसरं उतरलं, उतरतच राहिली. मिस्त्री हातातली सांडशी तशीच धरून बघत राहिला.

“हे काय हो?”

“ओझं,” सुकदेव म्हणाला. “तुम्हीच म्हणाला होता, रोजचं.”

जीवराम असा हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग त्याने आतल्या बाजूला हाक मारली, “कुंदाबाई, मोठं पातेलं चढव! गाव आलंय!” त्याची बायको दारात आली, गर्दी बघून तिने तोंडाला पदर लावला आणि चहा टाकायला गेली.

चहा झाल्यावर सगळ्यांना परत जीपमध्ये बसवलं. जीप बसली. जीवरामने भिकाला तेवढं उतरवून सायलेन्सरच्या बाजूला उभं केलं, म्हणजे नळीशेजारी त्याची नडगी येईल असं. कोळशाची रेघ नळीच्या वर होती. “म्हणजे धोंडा इतका घुसतो,” मिस्त्री म्हणाला. भिका मान खाली घालून आपल्याच पायाकडे कौतुकाने बघत होता.

“आधी वीतभर करून बघा,” सुकदेव म्हणाला. बोलताना त्याने मंदाबाईकडे पाहिलं नाही.

जीवरामने जॅक लावून पाट्यांखाली लाकडी ठोकळे सरकवले. जीप मागून उंच झाली. सुकदेव चार पावलं मागे जाऊन बघू लागला. गाडी अगदी वनाच्या जीपसारखी दिसत होती.

“चढा,” जीवराम म्हणाला.

आक्काबाई पुढे झाली. तिने दांडा धरला, पाय उचलला, पाय पोचेना. दुसरा पाय उचलून बघितला, तोही पोचेना. भिकाने मागून काखेत हात घालून तिला उचललं तशी ती हवेत पाय झाडत ओरडली, “मेल्या, खाली ठेव! मी काय गोनी शे?” बाकीचे कसेबसे चढले, तर गाडी पुढे इतकी झुकली की मागचे सगळे घसरत पुढच्यांच्या अंगावर. हसण्याने जीप हलायला लागली. रस्त्याने जाणारा एक टांगेवाला घोडा थांबवून बघत बसला.

“सुकदेवभाऊ,” खाली उभी राहिलेली आक्काबाई म्हणाली, आणि ती त्याला भाऊ म्हणाली याचाच त्याला धक्का बसला, “तुन्ही गाडी फार छान दिखस. पन माले चढता येवाव नही.”

सुकदेवने पुन्हा एकदा गाडीकडे पाहिलं. ट्रकवर होता तेव्हा रस्त्यातले लोक त्याच्या गाडीकडे माना वर करून बघायचे. ते त्याला आवडायचं. पण त्या ट्रकमध्ये त्याला कोणी कधी ‘थांब रे, माझी पिशवी राहिली’ असं म्हटलं नव्हतं. त्याने ठोकळ्याला बोट लावलं.

“काढा हे, मिस्त्री. आक्काबाईच्या गुडघ्याला झेपेल आणि भिकाची रेघ चुकेल, एवढीच उचला.”

मग खरं काम सुरू झालं. दोन बोटांचा ठोकळा घातला, सगळे बसले. नळी भिकाच्या रेघेला टेकली. तीन बोटं केली, तरी घासण्याची भीती. चार बोटांना नळी रेघेच्या वर स्वच्छ निघाली, मधून हात जाईल इतकी. आक्काबाई दांडा धरून चढली. मंदाबाईने सवयीने खांदा पुढे केला होता, तो तिला लागला, पण नावापुरताच. ती उतरून पुन्हा चढली, खात्री करायला. तिसऱ्यांदा चढली तेव्हा जीवराम म्हणाला, “आजी, बास, लाकूड झिजेल.”

ठोकळ्यांवर गाडी चालवायची नसते, असं जीवराम म्हणाला. ती उंची आता पाट्यांनीच द्यायला हवी होती. त्याने जुने पाटे उतरवले, भट्टीत लाल केले, घणाने ठोकून त्यांना पुन्हा बाक दिला आणि प्रत्येक बाजूला एक नवा पाटा वाढवला. या कामाला दुपार लागली. तोवर बाया पाच कंदिलाच्या बाजारात जाऊन बांगड्या भरून आल्या. आक्काबाई कुठे गेली नाही. ती कुंदाबाईच्या ओट्यावर बसून तिला कळण्याची भाकरी कशी थापायची ते शिकवत होती, आणि कुंदाबाई, जिच्या माहेरी तेच पीठ दळलं जायचं, ती मान हलवत गुपचूप शिकत होती.

सुकदेव भट्टीजवळून हलला नाही. घण पडताना प्रत्येक घावाला त्याचे ओठ आवळायचे.

“रिकामी असेल तेव्हा जरा कडक चालेल,” यू-बोल्ट आवळता आवळता जीवराम म्हणाला. “भरल्यावर मऊ.”

“माझी रिकामी नसतेच,” सुकदेव म्हणाला.

परतीला ऊन कललं होतं. गाडी भरलेली असूनही सरळ चालत होती, स्टिअरिंग हातात हलकं येत होतं, खड्ड्यात मागून कोणी ‘आई गं’ म्हणालं नाही. सोनगीरला बाया पुन्हा उतरल्या आणि या वेळी तो बंब घेऊनच चढल्या. मंदाबाईने तो मांडीवर घेतला होता. कुणी विचारलं, कशाला घेतला, तर म्हणाली, “गाडी उंच व्हयनी, माले काय मिळनं?”

खडकनाला आला तेव्हा अजून उजेड होता. सुकदेवने गाडी काठावर थांबवली. आक्काबाई सवयीने उठून लुगडं खोचायला लागली.

“बस, आक्का,” सुकदेव म्हणाला. “आज कोणी उतरायचं नाही.”

त्याने पहिला गिअर टाकला. पुढची चाकं पाण्यात गेली, धोंड्यावर चढली, उतरली. आता मागची. सगळ्यांनी हाताला येईल ते घट्ट धरलं. भिकाने तर डोळेच मिटले होते. मागून जीप वर आली, थोडी डुलली, आणि खाली उतरली. खर्रर्र झालंच नाही. चाकांनी उडवलेलं पाणी तेवढं मागे पडल्याचा आवाज आला.

मग जो आरडाओरडा झाला त्याने काठावरच्या बाभळीतले बगळे उडाले. भिका बाहेर झुकून आपल्या नडगीवरच्या रेघेचा मुका घेण्याचा प्रयत्न करू लागला, आणि पोचला नाही. बाया गाणं म्हणायला लागल्या, लग्नात नवरा मुलगा मांडवात आला की म्हणतात ते.

“आखो एकदाव!” आक्काबाई ओरडली.

सुकदेवने गाडी वळवली आणि नाला परत ओलांडला. मग पुन्हा इकडे. मग पुन्हा तिकडे. गावातली माणसं आवाज ऐकून काठावर आली. त्यांनाही बसायचं होतं. त्यांना बसवलं, त्यांना फिरवलं. किती वेळा झालं ते कोणी मोजलं नाही, डिझेलच्या टाकीने मात्र मोजलं असावं. कारण शेवटच्या वेळी जीप गावाकडच्या चढावर आली, दोन आचके दिले आणि बंद पडली.

“काय व्हयनं?” सगळ्यांनी विचारलं.

सुकदेवने काटा पाहिला आणि तो हसायलाच लागला. “डिझेल सरनं.”

मग एकेक करून माणसं उतरली. गाव समोरच दिसत होतं. भिकाने मागे खांदा लावला, बायांनी बांगड्यांचे हात लावले, सुकदेव स्टिअरिंगला हात घालून बाजूने चालत ढकलू लागला. ढकलायला वजन कमी हवं होतं, म्हणून मंदाबाईने बंबसुद्धा उतरवून कडेवर घेतला.

“आक्का, तू बी उतर,” भिका धापा टाकत म्हणाला.

“मी उतराव नही,” आक्काबाई म्हणाली. तिने दोन्ही पाय सीटवर घेतले, पदर डोक्यावर नीट केला, आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं.