बेटावर अव्वा जेवली नाही

तळ्याच्या रस्त्यानं मी आता जात नाही. रिक्षावाले म्हणतात, "अक्का, तळ्याकडनं जवळ पडतंय." मी म्हणते, "तुला विचारलं का? बाजारातनं घे." माझा आवाज चढा आहे, त्यामुळं दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. गुलबर्ग्यात वीस वर्षं पोरींना शिकवलं की आवाज असाच होतो. अव्वा म्हणायची, तो आधीपासनंच तसा हाय, शाळेला कामून बोल लावतीस?

अव्वा म्हणजे माझी आई. ती भालकीच्या पलीकडं आमच्या गावात, माझ्या भावाजवळ राहायची. दसऱ्याच्या सुट्टीत तिला तपासणीसाठी माझ्याकडं आणलं होतं. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, साखरेनं किडन्या खाल्ल्यात. वेळेवर गोळी, वेळेवर खाणं, आणि उपाशी अजिबात राहू द्यायचं नाही. मी बाहेर आले तर ही बाकावर बसून शेजारच्या अनोळखी बाईला भाकरी कडक कशी करायची ते सांगायली होती. मला भडभडून आलं. रडायचं नव्हतं म्हणून मी तिच्यावरच खेकसले, "चल, ऊठ. किती बोलतीस!"

त्या दिवशी संध्याकाळी नवरा म्हणाला, उद्या तळ्यातल्या बेटावर जाऊ. मधोमध बाग आहे, बोटीनं जायचं. अव्वा उभ्या जन्मात बोटीत बसली नव्हती. दहावीतली माझी लेक तिला म्हणाली, "आज्जी, बोट बुडली तर?" अव्वा म्हणाली, "बुडली तर तुझ्या आईला पुढं करू. तिच्या तोंडाला घाबरून पाणी मागं सरंल." सगळे हसले. मीही हसले. त्या सहलीतलं हसणं तेवढंच, तेही आदल्या दिवसाचं.

पुढचं कळायला आमच्यातली एक रीत सांगावी लागेल. आम्ही बसवण्णांना मानणारी माणसं. मूल पाळण्यात असतानाच अय्या, म्हणजे आमचे जंगम पुजारी, येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. मेल्यावरही डाव्या तळहातावर ठेवून माणसासोबतच पुरायचं. अव्वाचं लिंग चौकीत, म्हणजे चांदीच्या छोट्या डबीत, दोऱ्यानं गळ्यात असायचं. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन ती पूजा करायची आणि ती होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायची नाही.

मी माझं एकोणिसाव्या वर्षीच काढलं. वडील गेले तेव्हा. पूजा चुकवली नाही त्या माणसानं एक दिवस, आणि पन्नाशीच्या आत गेला. मी दिवसकार्य झाल्यावर अव्वासमोर दोरा तोडला, लिंग देवळीत ठेवलं आणि म्हटलं, मला नको. तिनं पुढं कधी विषय काढला नाही. मला वाटलं, मिटलं.

तर सहलीच्या दिवशी सकाळी अव्वा आंघोळ करून पूजेला बसायली, तोवर मी घाई केली. "पहिली बोट दहाला हाय. नंतर गर्दी होती. पूजा तिथं बागेत कर की, निवांत."

"मला लई येळ लागत न्हाई."

"तुझं लई न्हाई म्हंजे पाऊण तास!"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि विभूती, चार पत्री, छोटा तांब्या पिशवीत भरला. म्हणजे चहा नाही, नाश्ता नाही आणि म्हणून गोळीही नाही. तासाभराचा तर प्रश्न आहे, असा मी हिशेब केला.

आभाळ भरून आलेलं होतं, पण पाऊस नव्हता. तळ्याचं पाणी डाळ शिजवून ओतल्यासारखं गढूळ दिसत होतं. बोटवाला आमच्याकडचाच मुसलमान, बोलायला गोड. पण नियमाला पक्का. "अम्मा, जाकीट बिना नै लेके जाता," म्हणाला आणि नारंगी जाकिटं आमच्या अंगावर टाकली. अव्वाच्या जाकिटाचा पट्टा काही लागेना. छातीवर चौकी आडवी येत होती. आणि चौकीच्या खाली आणखी काहीतरी होतं. दोऱ्यात बांधलेलं लाल फडक्याचं गाठोडं, लिंबाएवढं.

"हे दुसरं काय घातलंस गळ्यात?"

"राहू दे ते."

मागं लोक खोळंबले होते. मला लोक खोळंबले की काहीतरी होतं. "काढ गं अव्वा, उतरलं की घाल परत. पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय?" असं म्हणून मी दोन्ही दोरे तिच्या डोक्यावरून काढायला गेले. चौकी तिनं मुठीत गच्च धरली. ती सुटली नाही. लाल गाठोडं मात्र माझ्या हातात आलं. मग पट्टा लागला. ती माझ्याजवळ बसली आणि वाटभर पाण्याकडं नाही, माझ्या मुठीकडं बघत राहिली. लेक फोटो काढत होती. "आज्जी, इकडं बघ ना!" आज्जीनं बघितलं नाही.

बेटाच्या धक्क्याला बोट जरा जोरात टेकली. मी तोल सावरायला दांडी धरली. ज्या हातात गाठोडं होतं त्याच हातानं. बस्स, एवढंच झालं. डुबुक असा आवाजही आला नाही.

बोटवाल्यानं खरंच फार प्रयत्न केला. आकडा लावलेला लांब बांबू घेऊन अर्धा तास तळ ढवळला. शेवाळ निघालं, नारळाची करवंटी निघाली, एक चप्पल निघाली. शेवटी कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "नीचे सब कीचड़ है अम्मा. नै मिलता." अव्वानं त्याला हात जोडले. माझ्याकडं बघितलंही नाही.

बागेत सिमेंटची हरणं होती, गंजलेला झोपाळा होता आणि बंद पडलेलं कारंजं. एका झाडाखाली आम्ही सतरंजी टाकली. मी अव्वापुढं तांब्या ठेवला. "तुझी चौकी तर हाय न्हवं? कर पूजा आणि गोळी घे आधी. फडक्यात काय होतं, विभूती? मठातनं नवी आणून देते."

"विभूती न्हाई," ती म्हणाली. "तुझं होतं."

"माझं काय?"

"तुझं लिंग. देवळीत टाकून गेलतीस ते."

सव्वीस वर्षं झाली होती. सव्वीस वर्षं ही बाई रोज आपली पूजा झाली की माझं लिंग तळहातावर घेत होती, पाणी, विभूती, पत्री वाहत होती आणि परत गळ्यात बांधत होती. मला कधी कळू दिलं नाही. मी तिच्या घरी जाऊन तिच्याच हातचा चहा सकाळी उठल्या उठल्या प्यायचे, तेव्हाही ती आत बसून माझ्या वाटणीची पूजा करत असणार. मला काय वाटलं ते खरं सांगते. आधी राग आला. मला न विचारता कुणी माझं ओझं वाहावं याचा राग. माया नंतर आली.

"बरं, गेलं ते गेलं. तू जेव."

"कशी जेवू? लिंग गेल्यावर जीव ठिवू नये म्हणायचे जुने लोक. जीवाचं न्हाई म्हणत मी. पण नवं बांधेपर्यंत अन्नपाणी तरी सोडावं माणसानं. तू काय पाळणार न्हाईस. मग तुझ्यासाठी कुणीतरी पाळाय पाहिजे का न्हाई?"

हे ती भांडून म्हणाली असती तर मी भांडले असते. ती भाजी निवडताना बोलावं तशी बोलली.

नवरा म्हणाला, "अगं, बांधून घे की मठात जाऊन. माझ्या गळ्यात न्हाई का? मी काय लई मोठा भक्त लागून गेलो? काय झिजतंय तुझं?"

"मनात नसताना बांधू? नाटक करू?"

"नाटक नको," अव्वाच मध्ये बोलली. "मनात नसंल तर बांधू नको, माय. मग मला जेवबी म्हणू नको."

खाण तशी माती. दोघी हट्टाला पेटलो की दोन्हीकडं भिंत. पंधरा माणसं जमल्याशिवाय बोट परत हलत नव्हती आणि आमच्याबरोबर आलेली माणसं इतक्यात परत निघत नव्हती. दोन तास आम्ही तिथं बसलो. भाकरीचं फडकं कुणी सोडलं नाही. शेंगांच्या चटणीला मुंग्या लागल्या. लेकीला भूक लागली होती, पण पोरगी आज्जीच्या पायाशी बसून राहिली. मी बाटली उघडून अव्वाच्या ओठाला लावली, तिनं तोंड फिरवलं. मी ओरडले, "मरायचंय का तुला?" झोपाळ्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या. अव्वा म्हणाली, "हळू बोल. लोक काय म्हणतील, आईवर ओरडायलीय." तिच्या ओठांना पांढरं आलं होतं. 'बांधते' एवढा एक शब्द बोलले असते तर ती जेवली असती. तो माझ्या तोंडातून निघाला नाही. या गोष्टीत मला कुणी माफ करू नये.

परतीच्या बोटीत तिचं डोकं लेकीच्या खांद्यावर कलंडलं. आम्हाला वाटलं झोपली. धक्क्यावर उठवायला गेलो तर अंग गार आणि घामानं भिजलेलं. बोटवाल्यानंच तिला उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यात सलाईन लावलं. दोन तासांनी तिनं डोळे उघडले. लेकीनं भाबडेपणानं विचारलं, "आज्जी, सलाईन चालतं का?" अव्वा म्हणाली, "मी कुठं घ्यायलेय? ते देयलेत."

तेव्हा मी मोडले. तिचा हात धरून म्हटलं, "अव्वा, मी बांधून घेते. उद्याच मठात जाते."

"खरं?"

"व्हय."

"मनापासनं?"

"व्हय गं, मनापासनं."

ती म्हणाली, "आण मग भाकरी." पाव भाकरी डाळीत कुस्करून खाल्ली. मी मठात गेले नाही. चार दिवसांनी भाऊ येऊन तिला गावी घेऊन गेला.

त्यानंतर रोज सकाळी साडेसहाला तिचा फोन यायचा. "पूजा झाली का, माय?" मी गॅसपाशी उभी, एका हातात कप. "झाली, अव्वा." "बरं केलंस." तेवढंच बोलणं. एवढ्यानं तिचं पोट भरत असेल तर माझं काय जातं, असं मी स्वतःला समजावायचे. जवळजवळ तीन महिने मी रोज खोटं बोलले.

संक्रांतीच्या आधी ती गेली. आमच्या रीतीप्रमाणं शेतात खड्डा काढून तिला बसवलं. अय्यांनी चौकी उघडली, तिचं लिंग डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. तेवढ्यात माझी भावजय पुढं आली आणि माझ्या हातात एक लाल गाठोडं ठेवलं. लिंबाएवढं.

"तुमचं हाय," ती म्हणाली. "गुलबर्ग्याहून आल्यावर तिसऱ्या दिवशी अव्वांनी मठातनं तुमच्या नावानं नवं आणलं. स्वतःची पूजा झाली की ह्याची करायच्या. मग तुम्हाला फोन."

"पण मी तिला सांगितलं होतं मी करायलेय म्हणून."

भावजयीनं मान खाली घातली. "त्या म्हणायच्या, उठल्या उठल्या चहाचा घोट घेतलेला फोनात ऐकू येतंय."

मी ते गाठोडं अय्यांपुढं धरलं. म्हटलं, हेही तिच्या हातात ठेवा, तिनंच सांभाळलंय. अय्यांनी हात मागं घेतला. "त्यांचं त्यांच्याबरोबर चाललं, ताई. हे जिवंत माणसाचं हाय. हे जिवंत माणसानंच सांभाळायचं." मग माती लोटली.

ते घरी आणून महिना कपाटात ठेवलं होतं. आता रोज सकाळी बाहेर काढते. माझा विश्वास बसला आहे असं नाही. बसलाय म्हटलं तर अव्वाशी आणखी एकदा खोटं बोलल्यासारखं होईल. चहा गाळून ओट्यावर ठेवते, गाठोडं सोडते, ते डाव्या तळहातावर घेते आणि पाणी घालते. साडेसहा वाजून जातात. फोन वाजत नाही. मग उठून तो गार झालेला चहा पिते.