एक काळी गोटी

क्षमा हे संतांचे लेणे. लेनर्ड कुबासेक संत नव्हता. ओहायोतल्या मिलबर्न कॉलेजच्या ग्रंथालयात तो जुनी कागदपत्रे सांभाळी, आणि एका गोटीची आठवण त्याने छत्तीस वर्षे समईसारखी तेवत ठेवली होती.

टेकडीवरच्या विटांच्या घरात विद्यार्थ्यांचे बंधुमंडळ राही. त्यांची रीत अशी, की नवा बंधू घेताना प्रत्येकाने झाकलेल्या पेटीत हात घालून पांढरी किंवा काळी गोटी टाकायची. एक जरी काळी निघाली, तरी नाव गेले. कोणी टाकली, हे विचारायचे नाही.

कॉलेजात शिकणाऱ्या लेनर्डचे नाव पेटीसमोर आले, त्या दुपारी तो त्याच घराच्या तळघरात, एकुलता एक सूट घालून उभा होता. त्याचे वडील, एमिल, घर उबदार ठेवणारी तिथली कोळशाची भट्टी सांभाळीत. गरम हवेच्या नळीतून वरचे बोलणे खाली उतरते, हे वरच्यांना कधी सुचले नाही. खाली माणसे असतात हेच त्यांच्या मनात येत नसे.

"कोळसेवाल्याचं पोरगं माझ्या शेजारी जेवायला बसणार?" मंडळातल्या प्रेस्कॉट हॅडलीचा आवाज आला. "टाकली मी काळी! थांबा, हात धुऊन येतो."

वर हशा पिकला. एमिलने भट्टीचे दार हळूच लावले.

"सूट काढून ठेव, लेनी. काजळी लागेल."

एवढेच एमिल बोलला. आणि ज्यांनी लेकराला दारात उभे केले नाही, त्यांनाच त्या बापाने पुढे एकोणीस हिवाळे, मरेपर्यंत, ऊब दिली. हे लेनर्डने पाहिले, आणि गिळले.

मंडळाला शंभर वर्षे झाली, तेव्हा इतिहास लिहायला लेनर्डला बोलावणे आले.

"लिहीन," तो म्हणाला, "पण घरचा म्हणून लिहीन. मला बंधू करून घ्या."

या वेळी सगळ्या गोट्या पांढऱ्या निघाल्या, हॅडलीचीही. माजी बंधूंचा अध्यक्ष झालेल्या हॅडलीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "लेन, म्हाताऱ्या, इतकी वर्षं होतास कुठे?"

"खाली."

हॅडली खदखदून हसला. त्याला काहीच आठवत नव्हते.

शताब्दीच्या सभेत नव्या भोजनगृहाला हॅडलीचे नाव द्यायचा ठराव आला. ठरावालाही तोच नियम; तीच पेटी फिरली. काळ्या गोटीला बोटाला लागेल अशी बारीक खाच असे. लेनर्डच्या बोटाला ती लागली. 'बाबा,' तो मनात म्हणाला, आणि गोटी सोडली.

पेटीचा कप्पा ओढणाऱ्या मुलाने मोजून सांगितले. "एक्केचाळीस पांढऱ्या... एक काळी."

"कोण तो?" हॅडली लालबुंद होऊन उठला. "मर्द असेल तर समोर ये!"

"असं विचारायचं नसतं, प्रेस्कॉट," लेनर्ड शांतपणे म्हणाला. "आपली रीत आहे ना?"

तो जमिनीतल्या गरम हवेच्या जाळीशेजारी उभा होता. खिशातून त्याने रुमाल काढला आणि बोटे एकेक करून पुसली. "थांबा हं, हात धुऊन येतो."

हॅडलीची नजर त्या बोटांवरून जाळीवर उतरली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने खाली पाहिले.

इतिहासाच्या शेवटच्या पानावर, हॅडलीच्या नावाच्या ठरावाखाली, लेनर्डने आपल्याला नाकारले त्या वर्षाच्या जुन्या इतिवृत्तातलेच शब्द जसेच्या तसे उतरवले : 'एक काळी गोटी. नाव नामंजूर.' आणि पहिल्या पानावर, अर्पणपत्रिकेत, त्या घराची भट्टी सांभाळणाऱ्याचे नाव घातले.